गाडीचा खांदा

टोपण उघडलं आणि माझ्या हातातलं फडकं गळून खाली पडलं.

इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडावर असतं ते टोपण. एरवी ते उघडलं की आत काळंभोर दिसतं, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखं. आज पिवळं होतं. टोपणाच्या आतल्या अंगाला घट्ट पिवळी साय धरलेली आणि तीच साय कडेकडेनं आत ओघळलेली. मी ऑइल बघायची पट्टी उपसली. तिच्यावर दुधाचा चहा.

"अहो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "अहो, बंद करा! चावी फिरवा!"

आमचे हे, भुजंगराव, गाडीत बसून इंजिन तापवत होते. जुनं ऑइल काढण्याआधी इंजिन थोडं चालवावं लागतं, म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं खाली उतरतं. यांचा आणि गाडीचा संबंध एवढाच. मी म्हटलं की चालू करायची, मी म्हटलं की बंद. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी सांगितलं की लगेच ऐकायची सवय त्यांना गाडीनं लावली. मला जमलं नव्हतं.

"काय झालं?" खाली उतरून त्यांनी वाकून पाहिलं. "आता गं! हिला साय कशी आली?"

"पाणी शिरलंय ऑइलात."

"मंग?"

"मंग काय न्हाई. इंजिन गेलं."

ते माझ्याकडं बघत राहिले आणि मी त्या पिवळ्या सायीकडं.

हे काम मी मोबाइलवर बघून शिकले, आणि ताडकळसच्या सिद्धोधनच्या गॅरेजात उभी राहून, त्याला बेजार करून. त्यानंच एकदा सांगितलं होतं, "वहिनी, काळं ऑइल बघून भिऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल काळंच अस्तंय. पर ज्या दिवशी पट्टीवर दुधाचा चहा दिसंल, त्या दिवशी गाडीच्या पाया पडा अन् मला फोन लावा."

पाया पडायचं राहिलं. फोटो पाठवला आणि फोन लावला. पोळ्याचा दिवस, गॅरेजात गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं लगेच उचलला. फोटो उघडला.

"सिद्धोधन, बोल की रे."

"काय बोलू वहिनी? पानी अन् ऑइल एक झालंय. दोन्ही अलग ठिवनारं हेड ग्यासकेट गेलं म्हना. चालू तर करूच नका, जागची हलवू बी नका."

"किती दिवस लागतील?"

"हेड काढून परभनीला न्यावं लागंल. पंधरा दिस धरून चाला."

पंधरा दिवस. मी तशीच मागं सरकून गव्हाणीवर बसले.

गव्हाण म्हणजे बैलांची. आमची गाडी गोठ्यात उभी असते. उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलजोडी विकली. गुलब्या आणि मथुऱ्या, लालकंधारी, एका रंगाचे. आबांचे गुडघे राहिले नाहीत आणि यांना खताच्या दुकानातून सवड नाही. जोडी गेल्यावर आबा बरेच दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत. मग एक दिवस आपणहून म्हणाले, "गाडी उन्हात कामून उभी करायलाव? गोठ्यात बांधा की." बांधा म्हणाले. तेव्हापासून गाडी गोठ्यात असते आणि झोपायच्या आधी आबा तिच्यावरून एकदा हात फिरवून येतात. परवा मी फिल्टरचा नंबर मोबाइलमध्ये शोधत बसले होते, तर जवळ येऊन विचारायला लागले, "माय, एक सांग. गाडीचा खांदा कुठं अस्तो?" मी मान वर न करता म्हटलं, "गाडीला कुठला खांदा, आबा? इंजिन हाच तिचा खांदा. समदं ओझं तेच वढतंय." "हां," म्हणाले आणि काठी टेकत गेले. असलं त्यांचं चालूच असतं.

तर मी त्या गव्हाणीवर बसले आणि माझ्या डोळ्यापुढं राजनंदिनी आली.

आमच्या गावाची सकाळची एसटी परभणीला पोचेपर्यंत नर्सिंगच्या पोरींची दवाखान्यातली ड्यूटी सुरू होऊन गेलेली असते. म्हणून पहाटे मी गाडी काढते आणि तीन पोरींना सोडून येते. दोघींची मला फिकर नव्हती. गाडी नसली तर त्यांचे बाप मोटारसायकलवर नेतील. राजनंदिनीचा बाप नेणार नव्हता. भगवानराव, आमच्याच भावकीतला. पहिल्याच दिवशी दारात उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या जिम्म्यावर पोरगी पाठवायलोय. पर ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी पोरगी घरी. मंग मी स्थळाला हो म्हनायला मोकळा." स्थळ मानवतचं होतं. तयार होतं. पोरगी घरी बसायची वाट बघत होतं. आणि नंदीचं हे शेवटचं वर्ष.

आज पोळ्याची पोरींना सुट्टी होती, गाडी निघाली नव्हती. उद्या पहाटे तिची ड्यूटी. दवाखान्याला पोळ्याची कर नसते.

"काय वहिनी, आवसंच्या दिवशी पोट फाडलं का गाडीचं?"

भगवानराव. नाव घ्यावं आणि माणूस यावा. बॉनेट उघडं, मी गव्हाणीवर, हे डोकं धरून उभे. त्याला आणखी काय सांगायचं?

"ऑइल बदलायलेय," मी म्हटलं.

"आसं? मला वाटलं दुखवट्याला बसलाव." तो ओट्यावर टेकला, तंबाखू काढली. "उद्या नंदीला कोन न्यायलंय मंग?"

"मीच."

"ह्याच गाडीत?"

"दुसरी कुठली हाय मला?"

"न्हाई, मनलं इचारावं." त्यानं खिशातून मोबाइल काढून मांडीवर ठेवला. "मानवतच्या पाव्हन्याला पोळ्याचा रामराम घालायचाच हाय आज. काय सांगायचं ते जरा थांबून सांगतो."

मला धसका बसला तो इथं. इंजिन गेलं याचं दुःख होतं, पण हे वेगळं होतं. हा माणूस माझ्या ओट्यावर बसून, तंबाखू मळत, एका पोरीचं आयुष्य माझ्या गॅस्केटला बांधून बसला होता. आणि पोरगी पलीकडच्या घरात पुरण वाटत असेल, तिला पत्ताही नाही.

मी उठले. रडायचं तर आहेच, म्हटलं, आधी पाणी तरी बघू. ऑइलात पाणी शिरलं असेल तर ते रेडिएटरमधूनच गेलेलं असणार. रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून हळूच उघडलं. पाणी काठोकाठ.

पुन्हा फोन.

"भरेल हाय?" सिद्धोधन म्हणाला. "मंग ऑइलात पानी आलं कुठून?"

"ते मी तुला इचारायलेय का तू मला?"

"वहिनी, एक काम करा. खालून सोडा समदं. काय निघतंय बघा अन् मला सांगा."

गाडीची पुढची चाकं बाभळीच्या दोन ठोकळ्यांवर चढवलेली होतीच, मागच्या चाकांना दगड होते. मी पोतं अंथरून खाली शिरले, घमेलं ओढून घेतलं, पान्यानं बोल्ट सैल केला. शेवटचे आटे बोटांनी फिरवायचे असतात आणि हात पटकन मागं घ्यायचा असतो. घेतला.

काळं आलंच नाही. तांबूस, दाट, गढूळ काहीतरी घमेल्यात पडायला लागलं आणि त्यात पिवळे कण तरंगायला लागले. मी पाहिलं आणि डोळेच मिटले. वरून यांचा आवाज, "काय निघालं गं?" काय सांगू? मी उताणी पडून राहिले. मनात आलं, इथंच पडून राहावं. कोणी विचारलं तर सांगा, गाडीखाली आहे, काम चालू आहे.

तेवढ्यात गालाला मऊ काहीतरी लागलं.

आमची मांजर. माझ्या कानापाशी अंग घासून ती घमेल्याकडं गेली, कडेला नाक लावलं आणि जीभ बाहेर काढली.

"हाड! हाड!" मी ओरडले, हातातला पानाच आपटला. मांजर पळाली, चार पावलांवर जाऊन पुन्हा घमेल्याकडं बघत बसली. लाळ गळतेय अशी.

मी तशीच आडवी, डोळे उघडे. इतकी वर्षं हे जळकं ऑइल काढतेय. कुत्रं सुद्धा त्याच्याकडं बघत नाही. मांजर?

मग वास आला. खरं म्हणजे वास मघापासून होता. इंजिन तापत होतं तेव्हापासून तुपाचा वास सुटला होता, पण पोळ्याच्या दिवशी ज्या घरातून तुपाचा वास येत नाही ते घर कसलं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. आता तो घमेल्यातून येत होता. मी एक पिवळा कण बोटानं उचलला, चोळला, नाकाशी धरला.

हळद.

खालून कशी निघाले, डोकं कुठं आपटलं, काही आठवत नाही. थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाई, धुरपताबाई, पुरणावर वाकलेल्या.

"आत्याबाई, तुमी लोणी कढवलं का आज?"

"कुठलं कढवतीस? कालपासून लोन्याची वाटीच घावंना गेलीय. मांजरीनं पाडली आसंल कुठं." त्यांनी माझ्या काळ्या हातांकडं पाहिलं. "आवसंचं गाडीखाली शिरू नको मनलं होतं मी. तोंड कामून आसं पांढरं पडलंय?"

कालची तिथी आठवली. काल खांदमळणी होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकतात, वर्षभर जुवाखाली घासलेल्या त्या जागी लोणी आणि हळद चोळतात, आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आबांनी आयुष्यात एक खांदमळणी चुकवली नव्हती. काल संध्याकाळी गोठ्यात बैल नव्हते. गाडी होती. आणि तिचा खांदा कुठं असतो ते आबांना मीच सांगितलं होतं.

मी मागच्या दारानं गोठ्यात आले. आबा गव्हाणीच्या कोपऱ्यात उभे होते, घमेल्याकडं बघत. मला बघून त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आबा," मी हळू म्हणाले, "लोणी..."

"कमी पडलं का?" आबा म्हणाले.

ते खरंच विचारत होते. चेहऱ्यावर तीच काळजी, जी आजारी जनावरापुढं असते.

"वाटीभरच होतं," ते म्हणाले. "दोन जनावरांला पुरतंय, मनलं येवढ्या मोठ्या धुडाला पुरंल का न्हाई. जास्त मागितलं आस्तं तर तुझी सासू बोंबलली आस्ती. माय, काय झालंय हिला? हिला सोसलं न्हाई का?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "काही न्हाई झालं आबा. तुमी बसा."

आणि ओट्याकडून आवाज आला, "सापडलं का वहिनी? काय निघालं?"

गाव लहान आहे. आबांनी गाडीला लोणी पाजलं हे एकदा भगवानरावाच्या कानात गेलं की संध्याकाळी बैल मिरवताना हलगीबरोबर ते गावभर वाजलं असतं. पारावर म्हाताऱ्याला जगू दिलं नसतं कोणी. मी बाहेर आले आणि म्हणाले, "माझंच चुकलं. वरून भलतंच टाकलं होतं मी. धुऊन काढते, होईल नीट."

"भलतं म्हंजे?"

"भलतं म्हंजे भलतं."

भगवानरावानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि हसला. "तरी मी मनतच होतो. बाईमानूस अन् इंजिन! अवो वहिनी, भाजीत साखर पडली तर खाता येती. आज ऑइलात पडलं, उद्या रस्त्यावर ब्रेकात पडंल. त्या गाडीत लेक बसवू मी?" त्यानं मोबाइल उचलला. "बरं झालं आजच कळलं."

एकाला झाकायला गेले आणि दुसरी उघडी पडली. तोंड उघडून खरं सांगावं तर आबा, गप्प बसावं तर नंदी. यांच्याकडं पाहिलं. यांना तर अजून काहीच माहीत नव्हतं, ते फडक्यानं रेडिएटरचं झाकण पुसत होते.

"भगवान." काठीचा आवाज मागून आला. आबा गोठ्याच्या दारात उभे. "ठिव तो फोन."

"काय आबा?"

"तिनं काय टाकलं न्हाई. मी टाकलंय. लोनी अन् हळद."

"काय टाकलं?"

"काल खांदमळनी होती का न्हाई? ह्या गोठ्यात दुसरं कोन हाय वढनारं? मळला खांदा. आत हाय म्हनली खांदा, मी आत सोडलं. मला काय म्हाईत तिला पचत न्हाई ते." आबांचा आवाज चढला होता. "हासायचं तर हास. पारावर जाऊन सांग. पर माज्या सुनंला गाडीतलं कळत न्हाई आसं मनू नको. तुज्यापरीस जास्ती कळतंय तिला."

यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. ठण्ण आवाज झाला, गोल गोल फिरून ते थांबलं.

भगवानराव हसेल म्हणून मी दात आवळून उभी होते. तो हसला नाही. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो आबांकडं बघत होता. त्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला आता चार-पाच पोळे झाले. त्याच्या दारात काल काहीच मळलं गेलं नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "आवतन बी दिलं होतं का?"

"देल्याबिगर कसं? आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बॉनेटात तोंड घालून सांगितलं."

भगवानरावानं फोन खिशात घातला. मानेवरून हात फिरवला. "आता आवतन देलेलं जनावर उपाशी कसं ठिवता हो," असं काहीतरी पुटपुटला आणि उठून गेला.

सिद्धोधनला फोन करून मी सगळं सांगितलं. पलीकडून पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. तो हसताना खुर्चीवरून पडला असावा. मग गंभीर होऊन म्हणाला, "वाचलाव वहिनी. लय वेळ चालली नव्हती न्हाई का? मंग काय होत न्हाई. भुजंगरावला पाठवा, साधं ऑइल देतो. आधी त्यानं आतून खंगाळा, ते सोडा, मंग फिल्टर बदला, मंग नवं ऑइल. अन् फिल्टर जुना ठिवू नका, त्यात बासुंदी झाली आसंल."

बासुंदीच झाली होती. पण फिल्टर निघेना. फिरवून फिरवून हात सटकायला लागला. आबा खुंटीकडं गेले आणि गुलब्याचा कासरा काढून आणला. तो दोरखंड मी फिल्टरला दोन वेढे देऊन आवळला, आबांनी धरला, मी ओढला, आणि फिल्टर कुरकुरत सुटला. नव्याच्या रबरी कडीला बोटानं तेल लावून बसवला. हातानंच, जास्त आवळायचा नसतो. मग हवेचा. मग डिझेलचा. डिझेलचा नवा फिल्टर आधी डिझेलनं भरून घ्यावा लागतो, नाहीतर आत हवा धरते आणि गाडी घुरघुरून बंद पडते. घरात डिझेल नव्हतं. मी यांना पुन्हा पिटाळणार, तोच पुढ्यात एक प्लास्टिकचा कॅन आला.

"ट्रॅक्टरचं हाय," भगवानराव म्हणाला. "किती लागतंय ते घ्या." कॅनच्या कडीला झेंडूचं फूल अडकवलेलं होतं.

नवं ऑइल ओतलं. डिझेलच्या फिल्टरवरचा, आतली हवा काढायचा पंप दाबून दाबून कडक झाला, तशी मी चावी फिरवली. ऑइलचा लाल दिवा लागला. तो विझेपर्यंत गोठ्यात कोणी श्वास घेतला असेल तर फक्त मांजरीनं. विझला. इंजिन एकदा खोकलं आणि आपल्या नेहमीच्या खरखरीत आवाजात बोलायला लागलं.

जरा वेळानं बंद करून मी पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. भगवानराव माझ्या खांद्यावरून डोकावला आणि दचकला. "वहिनी! आत्ता सोन्यावानी ओतलं अन् काळं झालं की हो! फशिवलं तुमाला!"

"डिझेलचं असंच अस्तंय, भाऊजी. बैल कितीबी धुवा, शेणात बसतोच."

तो जाताना फाटकापाशी थांबला. "नंदी पहाटं येईल," म्हणाला. मानवतला रामराम घातला का, ते मी विचारलं नाही.

सगळे गेल्यावर आबा गव्हाणीवर बसून राहिले. "पर माय," म्हणाले, "खांदा कुठं अस्तो मंग? खरं सांग."

मी उजवा खांदा दाबत उभी होते. जुन्या गाडीचं स्टेअरिंग जड असतं, रोज पहाटे ओढून ओढून खांदा रात्री ठणकतो. "काय ठाऊक आबा," मी म्हटलं. आबा माझ्या हाताकडं बघत होते. मग काठी उचलून आत गेले.

संध्याकाळी हलगी वाजत होती. आत्याबाई वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या. "बस. पाठ इकडं कर."

"कशाला?"

"मला कशाला इचारतीस? तुज्या सासऱ्यानं सांगितलंय." त्यांनी ऊन पाण्याचं फडकं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि मी दचकले. मग लोणी, मग हळद. त्यांची बोटं मुळीच मऊ नाहीत, पण नेमकी दुखतं तिथं थांबत होती. "शेजारनीकडून मागून आनलंय लोनी. गाडीत घालू नको."

मी म्हणणार होते, आत्याबाई, मला बैल केलं का तुमी? म्हटलं नाही. पाठ आणखी त्यांच्याकडं सरकवली.

पहाटे नंदी आली, बाकीच्या दोघी वेशीवर उभ्या राहतात. दार लावून तिनं नाक वर केलं. "काकू, गाडीला हळदीचा वास यायलाय."

"गाडीला न्हाई. मला यायलाय."

गोठ्याच्या दारात आबा उभे होते. मी काच खाली केली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, थोपटलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दमानं जावा. अन् दोघी बी जेवायच्या वक्ताला घरी या."

"दोघी म्हंजे?" नंदीनं विचारलं. "मी तर दवाखान्यातच जेवते की."

मी गिअर टाकला.